धान बंद, कोंडा चालू

मोठेबाबा,

परवा तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माइक फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी दोनच वाक्यं बोलून खाली बसले. माझे बाबा लवकर गेले, त्यांच्या थोरल्या भावाने मला बापाची उणीव भासू दिली नाही. त्यांनी मला शिकवलं. एवढंच. लोकांना वाटलं, पोरीचा गळा दाटून आला. पण खाली बसले त्याचं कारण वेगळं होतं. मला बोलायचं होतं ते तुमच्या कफाबद्दल. मंडपात पत्रावळी मांडणं सुरू झालं होतं, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. अशा वेळी मी बेडक्याचा विषय काढला असता, तर तुमच्या लेकीने, पुष्पाताईने मला माइकसकट ओढत घरात नेलं असतं.

तुम्ही असता तर मात्र पुढे सरकून बसला असता. कफावर तुमच्याइतकं मन लावून बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि मी रोज खोकणाऱ्यांच्यातच असते.

बाकीच्यांनी तुमच्याबद्दल चांगलं सांगितलं. राईस मिलमधली तुमची तीस-पस्तीस वर्षं, शब्दाचा पक्का माणूस, कुणाचं वाईट चिंतलं नाही, वगैरे. सगळं खरं. पण सकाळच्या उन्हात अंगणात खाटेवर बसून, राखेचा डबा पायाशी घेऊन, आत्ताच टाकलेल्या बेडक्याकडे मान वाकडी करून पाहणारा माणूस त्यात कुठेच नव्हता. मला तर तोच आठवतो. वर बिरसीच्या विमानतळावरच्या वैमानिक शाळेतली शिकाऊ विमानं घरघरत घिरट्या घालायची. एकच विमान खाली जायचं, धावपट्टीला टेकायचं न टेकायचं की पुन्हा वर. तुम्ही एकदा वर पाहायचे, एकदा डब्यात. दोन्हीकडे तेवढंच कुतूहल.

"आज तार धरून राह्यला," तुम्ही म्हणायचे. किंवा, "आज पांढरा आहे, पण जड आहे." मोठीमाय कपाळाला हात लावायची. पोरंबाळं पळायची. मी मात्र पळायची नाही, कारण मला माहीत होतं की हे किळसवाणं वेड नाही. ही मिलची सवय होती.

मिलमध्ये तुम्ही पॉलिशरवर होता. तांदळावरचा कोंडा काढणारं ते यंत्र. मी लहान असताना तुमचा डबा घेऊन यायची, तेव्हा पाहिलंय. तांदूळ कसा निघतोय हे बघायला बाकीचे तांदूळ हातात घ्यायचे, तुम्ही कोंडा घ्यायचे. मूठभर कोंडा तळहातावर चोळायचे, फुंकायचे, आणि सांगायचे की रोलर घट्ट झालाय, कणी पडणार. मग थोड्या वेळाने कणी पडायचीच. मालकसुद्धा तुम्हाला विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू द्यायचा नाही. यंत्राच्या आत डोकावता येत नाही, म्हणून जे बाहेर पडतं त्यावरून आतलं ओळखायचं, हे तुमचं साऱ्या जन्माचं शिक्षण. ते तुम्ही छातीला लावलं. यात चुकलं काय? मी सुद्धा ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसून दुसरं काय करते?

मी टेक्निशियन झाले तेव्हा तुम्ही गावभर सांगितलं की आमची पोरगी डाक्टरीण झाली. मी म्हटलं, मोठेबाबा, डॉक्टर नाही, मी थुंकी तपासते. तर म्हणे, "थुंकीची का होईना, डाक्टरीणच." त्यानंतर मी कधीही गावी आले की तुम्ही दारातच विचारायचे, आज किती जणांची थुंकी पाहिलीस. जेवायला बसल्यावर हा प्रश्न विचारायला मोठीमायने तुम्हाला बंदी घातली होती. तुम्ही हात धुतल्याबरोबर विचारायचे.

तुमचा नमुना मी तीनदा तपासला. पहिल्यांदा तुम्ही मिल सोडली त्या वर्षी, मग अधूनमधून. चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून काढलेला पहिला बेडका डबीत आणायचा, हे मी लोकांना दिवसातून वीस वेळा सांगते आणि तरी निम्मे लोक नुसती लाळ आणतात. तुमचा नमुना मात्र पहिल्यांदाच असा होता की शिकवताना दाखवावा. तुम्ही डबी माझ्या हातात दिली ती जत्रेतून आणलेल्या वस्तूसारखी.

क्षयाचे जंतू पाहायचे असले की नमुना काचेवर पसरून ती निळी रंगवतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या निळ्यात लाल काड्या दिसतात का ते शोधायचं. तिन्ही वेळा मी शंभर-शंभर जागा पाहिल्या. लाल काडी एकही नाही. मी हुश्श केलं, बाहेर आले आणि तुम्हाला म्हटलं, "काही नाही."

तिन्ही वेळा हेच दोन शब्द. मोठेबाबा, आता हेच शब्द मला टोचतात.

कारण तुम्ही तेव्हा बाकावरून उठला नव्हता. तुम्ही म्हणालात, "काही नाही, मग एवढा येऊन कुठून राह्यला?" मी म्हटलं, टीबी नाही, झालं तर. आणि पुढच्या माणसाची डबी घेतली. तुमच्यामागे रांग होती हे खरं. पण रांग नसती तरी मी हेच केलं असतं, कारण उत्तर मलाच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. गावभर डाक्टरीण म्हणून मिरवलेली पोरगी ना मी.

मग उत्तर तुम्हीच शोधलंत. मिलमध्ये जन्म काढला, तेवढी धूळ, भुसा, कोंडा छातीत गेला, तो आता बाहेर पडून राहिला. गेलं तेवढं निघालं की आपोआप थांबेल. बिडीला तुम्ही कधी हात लावला नव्हता, तेव्हा दुसरं कारण तरी काय असणार? हिशेब सरळ होता. यंत्रात धान ओतणं बंद केलं की थोडा वेळ कोंडा पडत राहतो, मग थांबतो. त्यामुळे ज्या दिवशी भरपूर कफ पडायचा त्या दिवशी तुम्ही खूश असायचे. तेवढी घाण गेली. ज्या दिवशी कमी, त्या दिवशी काळजी. मी हसायची. तुम्ही चिडायचे नाही, उलट म्हणायचे की हसण्यापरीस खोडून दाखव.

खोडून शेवटी तुम्हीच दाखवलंत. हे मी कोणालाही सांगायला तयार आहे, माइकवरसुद्धा. तुम्ही म्हणालात, गावात धानाच्या मळणीची धूळ असते, रस्त्यावरची असते, म्हणून पुरता निकाल लागत नाही. आणि तुम्ही चक्क महिनाभर पुष्पाताईकडे सालेकसाला जाऊन राहिलात. पावसाळ्याचे दिवस, आजूबाजूला जंगल, धुळीचा कण नाही, ताईकडे गॅस. जाताना डबासुद्धा नवा नेला, जुन्यातलं काही मिसळायला नको म्हणून. ताई फोनवर मला रडकुंडीला येऊन सांगायची की बाबा रोज सकाळी पाहुण्यांसमोर डबा उघडतात.

महिन्याने तुम्ही परत आलात ते सरळ माझ्याकडे, बसस्टँडवरून पायी. दम लागला होता. माझ्या खोलीच्या पायरीवर बसलात, पाणी प्यालात आणि म्हणालात, "धान बंद केला, तरी कोंडा चालूच आहे. तेवढाच्या तेवढा. काऊन वो?"

आपण मानलेलं खोटं ठरलं म्हणून तुमचा चेहरा पडला नव्हता, हे मला आजही लख्ख आठवतं. डोळे चमकत होते. एवढा मोठा 'का' समोर आला म्हणून तुम्हाला बरं वाटत होतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, वय झालं मोठेबाबा, होतं असं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं एखाद्याने कोंडा न चोळताच फेकून दिल्यावर पाहत असाल. मग म्हणालात, तुले फुरसत झाली की सांगजो. मी हो म्हटलं. ती फुरसत मला झाली नाही. त्याला आता चार वर्षं झाली.

पंपाचं भांडण त्यानंतरचं. छातीच्या डॉक्टरांकडे मीच तुम्हाला नेलं होतं. त्यांनी तपासलं, फुंकायला लावलं, श्वासनळ्या सुजून अरुंद झाल्यात म्हणाले आणि ओढायचा पंप दिला. तुम्ही पंधरा दिवस इमानदारीने ओढला. दम कमी झाला, कफही थोडा कमी झाला. आणि कफ कमी झाला म्हणूनच तुम्ही पंप बंद केला. लपवलं नाही. मी आले तर अंगणातच सांगितलंत.

"त्यानं आतली घाण आतच अडवून ठेवली," तुम्ही म्हणालात. "नाली बुजवली की पाणी दिसत नाही, म्हणून पाणी गेलं का?"

"पण सालेकसाला तुम्हीच पाहिलं ना, ती धूळ नाही म्हणून?"

"धूळ नाही, तर काय आहे ते सांग. सांगशील त्या दिवशी ओढतो."

मी संतापले. लहान मुलासारखं करता म्हटलं, लोक पंपासाठी तडफडतात म्हटलं, तुमच्या हट्टापायी मोठीमायला त्रास म्हटलं. सगळं म्हटलं, फक्त विचारलं होतं तेवढं सांगितलं नाही. तुमची अट किती सोपी होती. एक उत्तर, त्याबदल्यात पंप. 

मग यंदाची थंडी आली, ताप आला, आणि चौथ्या दिवशी आम्ही तुम्हाला गोंदियाला भरती केलं. तिथलं फार लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, कफ घट्ट होऊन नळ्यांत बसलाय, निघत नाही. दुपारी नर्सने नळी घालून थोडा ओढून काढला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं, तुम्ही बोटाने तिच्या हातातल्या भांड्याकडे दाखवलंत. तिला वाटलं, पाणी हवंय. मला कळलं. मी ते भांडं घेऊन तुमच्या डोळ्यांपुढे धरलं. तुम्ही मान वाकडी करून नीट पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

ती नजर प्रश्नाची होती. दुसरं कोणी काही म्हणो, मला तुमची नजर ओळखता येते.

तुम्ही गेल्यावर मला फुरसत झाली. बघा, कधी झाली. रजेवर होते, घरात पाहुणे, कोणी काही काम करू देत नव्हतं. मी माझ्या शिकण्याच्या दिवसांतली पुस्तकं काढली, त्यांत नव्हतं ते फोनवर शोधून वाचलं, आणि पुरतं कळेना तेव्हा त्याच छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले. ते भले माणूस. पेशंट गेल्यावर त्याच्या रोगाबद्दल विचारायला कोणी येत नाही म्हणाले, आणि कागदावर काढून दाखवलं. तर आता ऐका. उशीर झालाय, पण ऐका.

तुमची चूक एकाच जागी होती. कोंडा धानातच असतो, यंत्र तो फक्त वेगळा करतं. कफ धुळीत नसतो. आत गेलेलं काही तुम्ही बाहेर टाकत नव्हता. तुमचं अंग ते रोज नवीन तयार करत होतं.

श्वासनळीला आतून अस्तर असतं. त्यात काही पेशींना बारीक केस असतात, ते सारखे वरच्या बाजूला झाडत असतात. त्यांच्यामध्ये पेल्याच्या आकाराच्या काही पेशी असतात, त्या चिकट द्रव बनवतात. तो सगळ्यांनाच होतो, माझ्यातही होतो. धूळ त्याला चिकटते, केस त्याला वर लोटतात, आपण नकळत गिळून टाकतो. इथपर्यंत सगळं ठीक. आता धूळ रोज, वर्षानुवर्षं, मुठीमुठीने आली. अस्तराच्या पेशी दुखावल्या. पेशीला ओरडता येत नाही, ती रसायनं सोडते. ती रसायनं म्हणजे निरोप. शेजारच्या पेशींना निरोप, रक्ताला निरोप, की इकडे गडबड आहे, या. सूज म्हणतात ती हीच. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात. जंतू असेल तर मारायला म्हणून येतात आणि जंतू विरघळवणारा तेजाबासारखा रस जवळ घेऊन येतात. इथे जंतू नाही, नुसती धूळ. तरी तेजाब सांडतोच, आणि त्याने अस्तर आणखी दुखावतं.

पुढचं ऐकून तुम्ही खाटेवर उठून बसला असता. तो सांडलेला तेजाबच पुन्हा निरोप ठरतो. त्या पेल्यासारख्या पेशींच्या अंगावर जणू बेल बसवलेली असते. अस्तराचे निरोप ती वाजवतात, तेजाबही वाजवतो, आणि बेल वाजली की पेशीच्या आत हुकूम पोचतो: चिकट बनव, आणखी बनव. ही बेल वर्षानुवर्षं वाजत राहिली तर साध्या पेशीसुद्धा पेल्यासारख्या होतात. केसवाल्या कमी होतात. बनवणारे वाढले, झाडणारे घटले. साचलेल्यात मग जंतू घर करतात, जंतू आले म्हणून पांढऱ्या पेशी आणखी येतात, त्या पुन्हा बेल वाजवतात. म्हणून मिल सुटली तरी हुकूम सुटला नाही. तुमच्या अंगणावरच्या त्या विमानासारखं, टेकल्यासारखं वाटतं आणि पुन्हा वर.

आणि "एवढा" कुठून, हे तुम्ही नेमकं विचारलं होतं. पेशी जे बनवते ते अगदी थोडं असतं, कोरडं, आवळून बांधलेलं. बाहेर पडलं की पाणी पितं आणि फुगतं. सब्जाचं चिमूटभर बी ग्लासात टाकलं की ग्लास भरतो ना, तसं. तुमच्या डब्यात होतं ते जवळजवळ सगळं पाणीच होतं, मोठेबाबा. तुम्ही मिलची तीस वर्षं काढून टाकतोय असं समजून खूश व्हायचे, आणि ते तर तुम्हीच आदल्या रात्री प्यालेलं पाणी होतं.

तुम्ही यावर काय म्हणाला असता हेही मला माहीत आहे. म्हणजे आतमध्येही मिलच चालू होती म्हणायची.

आता माझं पाप. या पांढऱ्या पेशी मी पाहिल्या होत्या. तिन्ही वेळा. निळ्या काचेवर, निळ्याच रंगलेल्या, चिकट तारांच्या जाळ्यात अडकलेल्या, ढिगाने. त्या दिसल्या की आमच्याकडे काय समजतात ठाऊक आहे? नमुना चांगला आहे. लाळ नाही, खरोखर छातीतूनच आलाय. तेवढ्यापुरतं त्यांच्याकडे पाहायचं आणि पुढे लाल काड्या शोधायच्या. मी तुमच्या नमुन्याचं कौतुक केलं ते याच पेशींमुळे. उत्तर डोळ्यांसमोर होतं, मी त्यावर 'चांगला' असा शेरा मारला आणि तुम्हाला सांगितलं, काही नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर लाल काडी नाही म्हणून उठला नसता. हे निळं निळं काय आहे, म्हणून विचारलं असतं.

पंप ओढला असता तर तुम्ही वाचला असता, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, सूज थोडी शांत झाली असती, दम कमी लागला असता, एखादी थंडी सोपी गेली असती, पण इतक्या वर्षांनी ती बेल पुरती बंद करणारं औषध आमच्याकडेही नाही. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही आणि खोटा दोषही दिला नाही. तरी एक थंडी म्हणजे एक वर्ष, मोठेबाबा. वर्षभराच्या सकाळी. त्याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटत राहणार.

इथपर्यंतचं मी परवा रात्रीच मनात जुळवलं होतं आणि इथेच संपवणार होते. पण काल सकाळी एक गोष्ट झाली ती तुम्हाला सांगायलाच हवी, कारण ती तुमच्याच कामाची आहे.

पाहुणे गेले. पुष्पाताई गेली. मी मोठीमायजवळ राहिले. सकाळी मी तुमच्या खाटेवर बसून चहा घेत होते आणि घरातून खोकला ऐकू आला. छातीतून येणारा, ओला, अर्ध्यात गिळलेला.  क्षणभर, खरं सांगते, मला तुम्हीच वाटलात. मग कळलं की हा खोकला मी वर्षानुवर्षं ऐकलाय. या घरात दोन माणसं खोकत होती आणि मी दोन्ही तुमच्या नावावर टाकत होते.

आत गेले तर मोठीमाय चुलीपुढे, पदर तोंडाशी. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, आहे कधीचा. कफ पडतो? पडते. मग बोलली का नाहीस, असं मी जरा आवाज चढवूनच म्हटलं.

ती शांतपणे म्हणाली, "त्याईच्या खोकल्यात माझा खोकला कोण ऐकन?"

मोठेबाबा, तुमचा डबा अंगणात, उन्हात. तिचा बेडका चुलीच्या राखेत, वरून राख लोटलेली. मिलच्या फाटकात तिने आयुष्यात पाय ठेवला नाही. धानाचा प्रश्नच नव्हता, तरी कोंडा हाच. तुम्ही सालेकसाला महिनाभर जे शोधायला गेला होता, ते घरात चार हातांवर चुलीपुढे बसलं होतं. गॅसची टाकी कोपऱ्यात पाव्हण्यांच्या चहापुरती. चाळीस वर्षांचा धूर, त्याचेही निरोप तेच, बेलही तीच. दोघं एकाच घरात एकच रोग घेऊन, आणि एकमेकांना विचारलं नाही. मीही नाही.

तिने डोळे पुसले, लाकूड मागे ओढलं आणि मला विचारलं, अगदी तुमच्यासारखंच, "काऊन येते वो एवढा?"

मी या वेळी खाली बसले. जमिनीवर, तिच्यासमोर. लाकडं बाहेर ओढून चूल विझवली आणि पहिल्यापासून सांगितलं. अस्तर, केस, निरोप, बेल, सब्जा. मिलऐवजी धूर घातला, बाकी सगळं हेच. तिला फार वेळ लागला नाही. मध्येच एकदा तिने विचारलं की मग तो पंप बेल वाजवणाऱ्यांना गप करते का. मी म्हटलं, थोडंफार, दम तरी मोकळा होतो. ती म्हणाली, मग ओढीन. डॉक्टरांकडे कधी जायचं?

इतकंच. भांडण नाही, काही नाही. अर्ध्या तासाचं काम होतं.

मग ती थोडा वेळ विझलेल्या चुलीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढं सोपं होतं, तं त्याईले काऊन नाही सांगतलंस?"

तिने ठपका ठेवला नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, तुम्हाला असायचं तसं.  मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. कार्यक्रमात जे आलं नाही ते तिथे आलं.

आज सकाळी तिने चूळ भरली, खोल श्वास घेतला आणि पहिला बेडका डबीत दिला. तुमच्याइतकाच चांगला नमुना आहे. झाकण लावण्याआधी तिने मान वाकडी करून त्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. डबी आता माझ्या पिशवीत आहे, बसची वेळ झाली आहे. काच मीच रंगवणार, शंभर जागा मीच पाहणार, आणि लाल काड्यांबरोबर या वेळी निळंही पाहणार. लाल काही दिसलं तर तसं तिला सांगेन. नाही दिसलं, तर संध्याकाळी घरी येऊन तिच्याजवळ बसेन आणि काय दिसलं ते सगळं सांगेन. 'काही नाही' एवढं मात्र म्हणणार नाही.